वळिवड्याच्या बराकी

आमच्या कुरुळीत कुणाकडे लग्न निघालं की बस्ता बांधायला पिंपरी कॅम्पात जायचं, हे ठरलेलं. फाट्यावर उभं राहून भोसरीकडची गाडी धरायची, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, मोशी, भोसरी मागे टाकून पिंपरीत उतरायचं. लहानपणी आईचा पदर धरून आणि पुढे बहिणींच्या लग्नात याद्या खिशात घालून मी त्या बाजारात किती वेळा गेलो, याची मोजदाद नाही. ‘कॅम्पात जाऊन येते’ असं आमच्याकडच्या बाया म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे येतात त्या साड्यांच्या चळती, शगुन चौकातली गर्दी आणि घासाघीस करून सोडवलेला आहेराचा गठ्ठा. हा कॅम्प कुणाचा, कधी पडला, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

ते सुचलं कोल्हापुरात. नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीसाठी तिथल्या मंडळींनी गांधीनगरला नेलं. शहरापासून चार-पाच किलोमीटरवर, मिरजेच्या रेल्वेमार्गालगत वसलेली कापडाची मोठी घाऊक पेठ. दुकानदार सिंधी, बोलणं अस्सल कोल्हापुरी, गल्ल्यावर झुलेलालच्या तसबिरीशेजारी अंबाबाईची तसबीर. पिंपरी कॅम्पच जणू उचलून पंचगंगेकाठी आणून ठेवला होता. परतताना बरोबरच्या एका वयस्कर पाहुण्यांनी सहज सांगितलं, की सिंधी येण्याआधी या जागेवर पोलंडचे लोक राहत होते, पाच वर्षं, हजारोंच्या संख्येनं. त्या वाक्यानं मला इतकं धरून ठेवलं की पुढची काही वर्षं मिळेल तिथून मी त्या जागेची, म्हणजे तेव्हाच्या वळिवड्याची, हकीकत गोळा करत राहिलो.

तिची सुरुवात कोल्हापुरापासून फार दूर होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. सोव्हिएत वाट्याला आलेल्या पूर्व पोलंडमध्ये नव्या सत्तेला नको असलेले लोक पुष्कळ होते. पोलिश-सोव्हिएत युद्धात लढल्याबद्दल जमीन मिळालेले माजी सैनिक, जंगल खात्याचे नोकर, शिक्षक, पोलीस, अशांची कुटुंबंच्या कुटुंबं उचलायचं ठरलं. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत, रात्री, दारावर सैनिकांच्या बंदुकीचे दस्ते वाजले. हाताला लागेल ते गाठोडं बांधायला थोडा वेळ दिला, आणि माणसं मालगाडीच्या डब्यांत कोंबली गेली. ही पहिली खेप. त्यानंतर एप्रिल, जून आणि पुढच्या वर्षीचा जून अशा आणखी तीन खेपा झाल्या. सैबेरिया, अर्खान्गेल्स्कची जंगलं, कझाकस्तानचा माळ. तिथे लाकूडतोड करायची, आणि जेवढं काम तेवढी भाकरी. म्हातारे आणि तान्ही मुलं आधी गेली.

२२ जून १९४१ ला जर्मनीनं सोव्हिएत युनियनवरच चाल केली आणि सगळं फिरलं. कालचे कैदी आता मित्रराष्ट्राचे नागरिक ठरले. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी ३० जुलैला मॉस्कोशी करार केला, कैदेतल्या पोलिश लोकांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली सोव्हिएत भूमीवरच एक पोलिश सैन्य उभं राहू लागलं. ही बातमी ऐकून माणसं जंगलांतून निघाली आणि मिळेल त्या गाडीनं, पायी, दक्षिणेकडे सैन्याच्या तळांकडे सरकू लागली. वाटेत टायफसनं आणि भुकेनं किती मेली, त्याचा हिशेब लागत नाही.

१९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्या आसऱ्यानं आलेली बायकामुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक आणि नागरिक मिळून लाखाहून अधिक माणसं. किनाऱ्यावरच त्यांचे उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली, आंघोळी घातल्या. कित्येक महिन्यांच्या उपाशी पोटी एकदम भरपूर अन्न पडल्यानं काही जण तिथेच गेले. सैबेरियात तगलेला माणूस पहिल्या पोटभर जेवणानं मेला, ही गोष्ट वाचताना माझा घास घशाखाली उतरेना.

धडधाकट पुरुष फौजेबरोबर इराक, पॅलेस्टाईन आणि पुढे इटलीकडे गेले. मागे राहिल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. इराणमध्ये त्यांना फार काळ ठेवता येणार नव्हतं. मग त्यांची पांगापांग सुरू झाली. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान.

हिंदुस्थानात त्यांच्यासाठी पहिलं दार उघडलं ते काठेवाडात. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्येच आपल्या समुद्रकाठच्या बालाचडीत अनाथ पोलिश मुलांसाठी छावणी उभी केली. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत बानासिंस्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. पोलिश रेडक्रॉसचं काम करणाऱ्या या किराबाई युद्धानंतरही परत गेल्या नाहीत. पुढे हैदराबादेत समाजकार्य करत राहिल्या आणि इथल्याच झाल्या. बालाचडी मुलांपुरती होती. कुटुंबांसाठी मोठी जागा हवी होती, आणि ती कोल्हापूर संस्थानात मिळाली.

त्या वेळचं कोल्हापूर पाहायला हवं. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात गेले होते. गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल, कारभार राजमातेच्या नावानं आणि ब्रिटिश देखरेखीखाली. बाहेर १९४२ च्या चळवळीनं रान पेटलं होतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, कोल्हापुरात रत्नाप्पा कुंभार आणि त्यांचे सहकारी भूमिगत होते. धान्याला रेशन लागलं होतं, आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळानं मरत होती. गोऱ्या माणसाकडे पाहून कोल्हापूरकरांच्या कपाळाला आठी पडावी, असाच तो काळ. अशा वेळी वळिवडे गावाच्या माळावर पाच हजार गोरे लोक येऊन उतरणार होते. खर्च लंडनच्या पोलिश सरकारचा होता, तरी पाणी, भाजी, लाकूड आणि शेजार कोल्हापूरचा होता.

कराचीला त्यांचा मुक्कामी तळ होता. तिथून मुंबई, आणि मुंबईहून कोल्हापूरला यायचं तर त्या काळी पुण्यात गाडी बदलावी लागे, कारण पुण्यापर्यंत ब्रॉडगेज आणि पुढे मिरज-कोल्हापूरला मीटरगेज होती. म्हणजे घाट चढून लोणावळा, तळेगाव, चिंचवड या रुळांवरूनच प्रवासी पुढे जात. चिंचवड तेव्हा मोरया गोसावींचं गाव होतं आणि पिंपरी शेतांतली वाडी. पुढे पाचच वर्षांत इथेही कॅम्प पडणार आहे, हे कुणाला ठाऊक असणार?

१९४३ च्या पावसाळ्याच्या सुमाराला वळिवड्याची वसाहत भरू लागली. भरली तेव्हा तिथे पाच हजारांच्या आसपास माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. लांबच लांब बराकींच्या रांगा. पाया दगडी, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या आणि चटयांच्या, वर कौलं. एकेका बराकीचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला दोन लहान खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी दिलेली. शेजारची कुजबुज तट्ट्यातून ऐकू येई. पहिल्या पावसात काय झालं असेल, हे कोल्हापूरचा पाऊस खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर साप-विंचू.

पण या खोल्यांना दार होतं, आणि ते आतून लावता येत होतं. तीन वर्षं मालगाडीचा डबा, लाकूडतोड्यांची पडाळ, तंबू, गोदाम अशा ठिकाणी झोपलेल्या बाईला आपली चूल, आपली पडवी आणि आपली कडी मिळाली. बायकांनी पडवीपुढे फुलझाडं लावली. तट्ट्यांच्या भिंतींवर देवाच्या तसबिरी लागल्या. पोलिश लोक कडवे कॅथलिक. वसाहतीत चर्च उभं राहिलं, आणि रविवारच्या प्रार्थनेला माळावरून पोलिश स्तोत्रांचे सूर ऐकू येऊ लागले.

मला या वसाहतीत सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती तिची शाळा. बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंत पोलिश भाषेत शिकवणाऱ्या शाळा तिथे चालत होत्या. शिवणकामासारखे हस्तव्यवसायाचे वर्ग होते. शिकवायला होत्या त्या निर्वासितांतल्याच शिक्षिका. पुस्तकांची टंचाई असे. मध्यपूर्वेत पोलिश सैन्याबरोबर छापखाने होते, आणि जेरुसलेममध्ये परागंदा पोलिश मुलांसाठी क्रमिक पुस्तकं छापली जात. एका देशाची शाळा दुसऱ्या देशात छापलेल्या पुस्तकांवर तिसऱ्या देशाच्या माळरानावर भरत होती. ज्या मुलांची दोन-तीन वर्षं सैबेरियाच्या बर्फात वाया गेली होती, ती इथे झपाट्यानं इयत्ता भरून काढत होती. बालवीरांची पथकं होती. मुलं पंचगंगेत पोहायला शिकली. वसाहतीचे विभाग पाडलेले होते, त्यांचे प्रमुख त्यांच्यातलेच. दवाखाना, अनाथालय, नाटकाचा रंगमंच, लहान दुकानं, सगळं त्यांच्या हातानं चाललेलं. वर ब्रिटिश अधिकारी होता, पण रोजचा कारभार पोलिश.

हे सहज घडलं नाही. निर्वासितांना जेवण वाटणं सोपं असतं. त्यांना स्वतःचं काही चालवू द्यायला देणाऱ्याचं मन मोठं लागतं आणि नियमही तसे लागतात. वळिवड्यात दरमहा भत्ता हातात मिळत होता, आणि त्यातून काय विकत घ्यायचं हे घरची बाई ठरवत होती. त्यामुळे बाजार आला, आणि बाजाराबरोबर ओळख आली. आजूबाजूच्या गावचे शेतकरी भाजी, अंडी, दूध, फळं घेऊन येत. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली. शिंपी, चांभार, धोबी यांना काम मिळालं. भाव करायला लागणारी मराठी पोलिश बायकांनी उचलली, आणि इथल्या भाजीवाल्यांनी मोडकीतोडकी पोलिश. ‘किती?’ आणि ‘नको’ हे दोन शब्द आले की निम्मा बाजार होतो, हे परगावच्या कुठल्याही बाजारात गेलेला माणूस सांगेल. पुढे जगभर पांगलेल्या त्या मुलांच्या आठवणींत कोल्हापूर फार मायेनं येतं. तिथला गुलमोहर, तिथली आंबे-केळी, तिथले टांगे. इंग्रजांविरुद्ध धुमसणाऱ्या मुलखाला गोरा आणि राज्यकर्ता यांतला फरक नेमका कळला होता, याचा कोल्हापूरकरांनी अभिमान धरावा.

काही मुलांची प्रकृती फार ढासळलेली होती. त्यांच्यासाठी पाचगणीला हवापालटाची सोय केली होती. महाराष्ट्राच्या नकाशावर पोलिश मुलांची पावलं अशी वळिवड्यापलीकडेही उमटलेली आहेत. आणि त्यांच्याही आधी एक पोलिश माणूस इथे येऊन गेला होता, त्याचं नाव इथे घेतलंच पाहिजे. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश ज्यू अभियंता. औंध संस्थानच्या अप्पासाहेब पंतांबरोबर १९३८-३९ साली गावांना स्वतःचा कारभार देणाऱ्या तिथल्या स्वराज्याच्या प्रयोगात तो राबला होता. त्याची सहकारी वांडा डिनोव्स्का १९३५ मध्ये हिंदुस्थानात आली आणि गांधीजींच्या सहवासात उमादेवी झाली. तिनं युद्धकाळात या निर्वासितांना, विशेषतः मुलांना, हिंदुस्थानची ओळख करून देण्याचं काम केलं. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा हीच उमादेवी त्यांच्या मुलांसाठी धावली. तिबेटींची एक वसाहत १९७२ मध्ये महाराष्ट्रातही बसली, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळ. एका निर्वासितांच्या छावणीतून शिकलेलं माणूस दुसऱ्या छावणीत कसं उपयोगी पडतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

वळिवड्यातल्या घरांत एक गोष्ट रोज होत असे. टपालाची वाट पाहणं. नवरे, बाप, भाऊ अँडर्सच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतल्या मॉन्ते कासिनोच्या डोंगरावर, इतर सैन्यांना जो मठ चार महिने सर झाला नव्हता तिथे, पोलिश सैनिकांनी आपला झेंडा चढवला. शेकडो पोलिश सैनिक त्या उतारावर पडले. ती बातमी वळिवड्यात एकाच दिवशी अभिमानाची आणि सुतकाची होऊन आली असणार.

लढून त्यांना काय मिळालं? फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या बैठकीत पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनला देऊन टाकण्यात आला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्साच्या नव्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली, लंडनचं सरकार कागदोपत्री उरलं. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं ज्या मुलखात होती, तो मुलूखच आता पोलंड राहिला नव्हता. परत जायचं तर ज्यांनी सैबेरियात पाठवलं त्यांच्याच हाती जायचं. युद्ध संपलं आणि त्यांचं निर्वासितपण खऱ्या अर्थानं सुरू झालं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली मुलंही वळिवड्याला आली. पुढची दोन वर्षं सामान बांधण्यातच गेली. सैनिकांची कुटुंबं ब्रिटनला निघाली, काही पोलंडला परतली, काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेली, तिथून पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका. १९४८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शेवटची गाडी सुटली. जे इथेच गेले ते कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिले.

बराकी रिकाम्या पडल्या, पण फार दिवस नाही.

ज्या कराचीतून पोलिश लोक आले होते, त्याच कराचीतून आता बोटी भरून सिंधी हिंदू निघाले होते. फाळणीच्या वेळी सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती, म्हणून पुष्कळ जण थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोल गेला. मुंबई, ओखा, पोरबंदरकडे बोटींची रीघ लागली. या लोकांचं मुंबईशी नातं जुनं होतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतल्या पहिल्या सरकारी शाळेला नाव आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं, आणि सिंधी हिंदूंच्या खुदाबादी लिपीला शाळेत आणण्याचं कामही त्यांनीच केलं. एका मराठी माणसानं ज्यांना अक्षरं घडवून दिली, त्यांची नातवंडं-पणतवंडं ऐंशी वर्षांनी गाठोडी घेऊन आपल्या दाराशी आली होती.

मुंबई सरकारनं लष्कराच्या रिकाम्या छावण्या त्यांना दिल्या. कल्याणजवळच्या छावणीत नव्वद हजारांहून अधिक माणसं राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे उल्हासनगरची कोनशिला बसवली. काहींच्या वाट्याला पिंपरी आली, काहींच्या देवळाली, आणि काहींच्या वाट्याला वळिवड्याच्या त्याच तट्ट्यांच्या बराकी. त्या वसाहतीचं नाव गांधीनगर झालं. सैबेरियाहून आलेल्या बाईनं जिथे चूल मांडली होती, तिथेच सिंधहून आलेल्या बाईनं मांडली.

इथे मला एक तुलना टाळता येत नाही. पोलिश लोकांना शाळा, चर्च, पुस्तकं आणि भत्ता तयार मिळाला, कारण त्यांच्यामागे परागंदा का होईना, एक सरकार होतं. सिंधींच्या मागे कुणी नव्हतं. पंजाबी निर्वासितांना निम्मा पंजाब उरला, बंगाल्यांना निम्मा बंगाल. सिंधींना एक वीतही सिंध उरला नाही. सरकारनं छप्पर दिलं, रेशन दिलं आणि १९४८ साली त्यांच्या नोंदणीचा कायदाही केला, कारण मुंबईत गर्दी नको होती. शाळा आणि देवळं त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून उभी केली. ‘शरणार्थी’ हा शब्द त्यांना लागे. आम्ही पुरुषार्थी आहोत, असं ते सांगत. पुरुषांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, बायकांनी पापड लाटले, मुलांनी ते दारोदार नेले. त्यांच्या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ साल उजाडावं लागलं. पाहुण्यांसाठी आपण जे केलं ते स्वतःच्या माणसांसाठी करताना आपला हात आखडला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तरीही ते उभे राहिले, याचं श्रेय सर्वस्वी त्यांचं.

पिंपरीत ते आले तेव्हा इथे ना कारखाने होते ना महापालिका. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, एमआयडीसी १९६२ ची, महापालिका १९८२ ची. आजच्या उद्योगनगरीत परमुलखातून येऊन पहिली मोठी वस्ती कुणी केली असेल तर ती या निर्वासितांनी. कारखान्यांत कामाला आलेल्या सातारी, नगरी, मराठवाड्यातल्या माणसाला पहिला शर्ट, पहिलं भांडं, पहिली शिलाई कॅम्पातल्या दुकानानं दिली, पुष्कळदा उधारीवर. आणि पवनेच्या काठी त्यांनी आपल्या झुलेलालला, सिंधूच्या पाण्यातल्या देवाला, जागा केली. गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवशी पिंपरीतले गणपती ज्या घाटावर विसर्जनाला जातात, त्याचं नाव झुलेलाल घाट. मी त्या पायऱ्यांवर उभा राहून पाहिलं आहे. गुलालानं माखलेली पोरं मूर्ती डोक्यावरून उतरवतात, आरती म्हणतात आणि सिंधूच्या देवाचं नाव असलेल्या घाटावरून बाप्पाला पवनेत सोडतात. दोन नद्यांमधलं अंतर त्या वेळी कुणाच्या ध्यानातही नसतं.

आता कुरुळीत ओडिया, भोजपुरी, बंगाली ऐकू येते. चाकणच्या कारखान्यांमुळे आमच्या माळांवर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आहेत. एकेका खोलीत चार-पाच पोरं राहतात, पाळीप्रमाणे एक उठतो आणि दुसरा त्याच पथारीवर झोपतो. हे निर्वासित नव्हेत. पोटासाठी आपल्या पायांनी आलेले देशाचे नागरिक आहेत. पण २०२० च्या टाळेबंदीत त्यांतले कित्येक जण पाठीवर पिशवी घेऊन महामार्गानं चालत निघालेले मी माझ्या दारातून पाहिले, तेव्हा वळिवडं आठवल्याशिवाय राहिलं नाही. तिथे पाच वर्षांसाठी आलेल्यांना दार, चूल आणि शाळा दिली होती. इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्यांना आपण भाडेकरू एवढंच ओळखतो. त्यांच्या मुलांना आमच्या शाळांत प्रवेश मिळतो, पण पहिली दोन वर्षं मास्तर काय बोलतात हेच पोराला कळत नाही. गावातल्या बायकांनी आणि शाळेच्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर यावर इलाज अवघड नाही.

वळिवड्याची मुलं म्हातारी झाली तरी विसरली नाहीत. त्यांनी लंडनमध्ये आपली संघटना काढली, आठवणी, पत्रं, फोटो, नकाशे गोळा केले आणि हिंदुस्थानातल्या आपल्या वास्तव्याचा जाडजूड इतिहास स्वतः लिहून काढला, पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये उतारवयातली ही ‘मुलं’ पुन्हा कोल्हापुरात आली आणि वळिवड्यातही स्मारक झालं. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक २०१७ पासून आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी वळिवड्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

१९४८ साली बोटीतून उतरून पिंपरी कॅम्पात आलेलं आठ वर्षांचं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. अशी थोडी माणसं अजून दुकानाच्या मागच्या खोलीत, खुर्चीवर बसलेली दिसतात. बस्त्याला जाल तेव्हा अर्धा तास जास्त काढा. फोन समोर ठेवा, बोलणं टिपून घ्या. कराचीचं घर कसं होतं, बोटीत काय खाल्लं, पिंपरीत उतरल्यावर पहिलं पाणी कुणी दिलं, एवढं तरी विचारून ठेवा. जुने फोटो असतील तर मागून घेऊन त्यांच्या प्रती काढा. हे काम करायला आपल्या हाती फार तर चार-पाच वर्षं आहेत.